केशरी तंबू आणि आमचा फ्लेक्स

मागच्या नोव्हेंबरात मी एक वाक्य बोलायचं ठरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी सहसा बोलत नाही. नाव वर्षाराणी असलं तरी वर्गात हजेरीला मी 'प्रेझेंट' म्हणते ते फक्त शेजारच्या बाकावर ऐकू जातं, आणि तिथली मुलगी ते माझ्या वतीनं मोठ्यानं ओरडते. पण त्या दिवशी पुण्याच्या आत्याचा व्हिडिओ कॉल आला होता. माझी आत्येबहीण ऋता माझ्याच वयाची, दहावीतली. ती कॅमेऱ्यासमोर बसून सांगत होती, की ते सगळे महिन्यातून एकदा कॅम्पिंगला जातात, तंबू ठोकतात, ट्रेक करतात. आमचा आदर्श, म्हणजे माझा पाच वर्षांचा भाऊ, स्क्रीनला नाक लावून ऐकत होता. (नाव आदर्श. बाकी काही विचारू नका.)

"ऋताताई, तंबूत खरंच झोपती तू?" त्यानं विचारलं. आवाजात एवढी भक्ती, की देवासमोरही त्यानं कधी दाखवली नव्हती.

आणि मी बोलले. "आम्हीपण जातो की कॅम्पिंगला."

आईनं माझ्याकडं बघितलं. बाबांनी पेपर खाली केला. आम्ही आजवर कॅम्पिंगला गेलो नव्हतो. आम्ही जोतिबाला जातो आणि संध्याकाळी परत येतो.

"अय्या, कधी सांगितलं नाहीत!" आत्या म्हणाली. "मग या सुट्टीत आम्हीच येतो. तुम्ही न्या आम्हाला."

इथं बाबांनी 'अगं, पोर चेष्टा करतेय' एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण आत्याचे यजमान, उन्मेषमामा, मागून हसत म्हणाले, "अमरसिंह आणि कॅम्पिंग?" बाबा आमच्या इथल्या मंगळवार पेठेतले. मेहुण्यानं हसून असं विचारल्यावर मंगळवार पेठेतला माणूस माघार घेत नाही.

"या की दाजी!" बाबा म्हणाले. "राधानगरीला न्हेतो. धरणाच्या पाण्याला लागून आमच्या आकारामतात्याचं रान हाय. बघा तर खरं, कॅम्पिंग कशाला म्हंत्यात ते!"

डिसेंबरात ते आले. आत्याला ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं, म्हणून उन्मेषमामा, ऋता आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ धैर्यशील असे तिघंच. मामांच्या गाडीत प्रत्येक वस्तूला पिशवी होती आणि प्रत्येक पिशवीला लेबल. धैर्यशीलच्या गळ्यात शिट्टी, डोक्याला टॉर्च, पाठीवर छोटी सॅक. तो गाडीतून उतरून आईला म्हणाला, "थँक यू फॉर हॅविंग अस." आईनं घाबरून त्याला लाडू दिला.

ऋताबद्दल मी काही वाईट सांगणार नाही. (सांगायला काही सापडलं असतं तर सांगितलं असतं. मी दोन दिवस शोधत होते.) ती आली, चपला नीट लावल्या, आईला भाकरी थापायला मदत केली आणि आदर्शला तीन प्रकारच्या गाठी मारायला शिकवल्या. आदर्शला मी वर्षभर बुटाची लेस बांधायला शिकवते आहे. तो मला म्हणतो, "आक्का, तूच बांध."

आता मुद्द्याचं सांगते. आदर्श रोज माझ्याशेजारी झोपतो, माझ्या वेणीचं टोक मुठीत धरून. त्याशिवाय त्याला झोप येत नाही. मी कूस बदलली की वेणी ओढली जाते, सकाळी केसांचा गुंता होतो, म्हणून मी मैत्रिणींजवळ रोज तक्रार करायची. पण त्या रात्री तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऋताशेजारी झोपला. तिचे केस खांद्यापर्यंतच आहेत, धरायला वेणीच नाही. तरी झोपला. मी माझी वेणी घेऊन एकटीच पडून राहिले, आणि गादीवर इतकी जागा मोकळी होती की मला मीच कुणाच्या तरी घरी पाहुणी आलेय असं वाटलं.

सकाळी निघायची तयारी सुरू झाली. इथं बाहेरच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं रस्सामंडळ असतं. आठदहा मित्र, एक मोठं पातेलं आणि कुणाचं तरी रान. दुपारी जायचं, मटण रांधायचं, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. बाबा त्यांच्या रस्सामंडळात वीस वर्षं आहेत. घराबाहेर जाऊन जेवण या विषयातलं त्यांचं सगळं ज्ञान तिथलं. त्यामुळं आमच्या जुन्या व्हॅनमध्ये दोन पातेली, परात, विळी, पाटावरवंटा, सहा नारळ, चटणीचा डबा, तीन किलो मटण आणि जळण एवढं भरलं गेलं. झोपायचं काय, हा प्रश्न रस्सामंडळात येत नाही, म्हणून बाबांना तो सुचलाच नव्हता. शेवटी आईनं विचारल्यावर त्यांनी मंडळातल्या पिराजीकाकांकडून एक तंबू मागून आणला. निळ्या पिशवीत होता. व्हॅनमध्ये जागा नव्हती, म्हणून ती पिशवी मामांच्या डिकीत ठेवली.

निघताना आदर्श म्हणाला, "मी व्हॅनमधनं न्हाय येणार. मी ऋताताईच्या गाडीत."

मामांच्या गाडीत पुढच्या सीटवर पिशव्या होत्या, आणि मागं ऋता नि धैर्यशीलच्या मधे एकच जागा रिकामी होती. मी काय केलं? कुणाचं लक्ष नाही बघून मोठं पातेलं उचललं आणि त्या जागेवर नेऊन ठेवलं. वर परातही ठेवली, म्हणजे शंका नको.

"मामा, व्हॅनमध्ये मावत नाही," मी म्हणाले. (त्या वर्षातलं दुसरं वाक्य.)

"नो प्रॉब्लेम!" मामा म्हणाले. त्यांना सामान लावायची फार आवड. त्यांनी पातेलं सीटवरून काढलं, डिकी उघडली, निळी पिशवी बाहेर काढून आमच्या कट्ट्यावर ठेवली, पातेलं आत बसवलं, पातेल्यात परात, परातीत नारळ, आणि म्हणाले, "बघ, किती छान बसलं." तेवढ्यात आदर्श सीटवर चढला, ऋतानं त्याला पट्टा लावला, बाबांनी व्हॅनचा हॉर्न वाजवला आणि सगळे निघालो.

ती निळी पिशवी कट्ट्यावर राहिलेली मी व्हॅनच्या खिडकीतून बघितली. खरं सांगते, बघितली. पण तेव्हा पुढच्या गाडीतून आदर्श मागं वळून मला टाटा करत होता आणि त्याचा दुसरा हात ऋताच्या खांद्यावर होता. पिशवी डोळ्यांना दिसली, डोक्यापर्यंत गेलीच नाही.

ती डोक्यात गेली राधानगरीत पोचल्यावर. आकारामतात्यांचं रान छान होतं. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, मागं टेकडी. मामांनी दहा मिनिटांत त्यांचा केशरी तंबू उभा केला. त्याला चेन होती, जाळी होती, आत टांगायला दिवा होता, चपला ठेवायला वेगळा कप्पा होता. बाबांनी तेवढ्या वेळात तीन दगडांची चूल मांडली होती.

"अमरसिंह, तुमचा टेंट कुठं लावायचा?" मामांनी विचारलं.

बाबा डिकीत डोकावले. मग व्हॅनमध्ये. मग पातेल्यात. त्याच वेळी आईचा फोन वाजला. शेजारच्या शालूबाई होत्या. त्या फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज नसते, त्यामुळं सगळ्यांनाच ऐकू आलं.

"अवो वैनी, तुमची कसली निळी पिशवी कट्ट्यावर पडलीया? मांजर बसलंय तिच्यावर. हाकलू का ऱ्हाऊ दे?"

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "त्याला तरी तंबू मिळू दे."

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे, ती मीच काढून ठेवली! त्या पातेल्यामुळं! पण ते पातेलं सीटवर ठेवलं कुणी?"

मी चुलीत काटक्या घालायला लागले. चूल अजून पेटवलेली नव्हती.

"असू दे हो दाजी," बाबा म्हणाले, "पातेलं आलं न्हवं? मग काय अडत न्हाय."

"ठीक आहे," मामा म्हणाले. "आमच्या टेंटमध्ये चौघं मावतात. आम्ही तिघं, आणि अजून एक जण."

सगळ्यांनी आदर्शकडं बघितलं. आदर्शनं तर आत जाऊन आपली जागाही धरली होती. म्हणजे ज्या पोराला ऋताच्या शेजारी एक तास बसू द्यायचं नाही म्हणून मी पातेलं उचललं, त्याला त्याच पातेल्यानं रात्रभरासाठी तिच्या शेजारी नेऊन ठेवलं होतं.

बाबांनी मात्र हार मानली नाही. व्हॅनच्या टपावरचं सामान झाकायला त्यांनी तालमीतला एक जुना फ्लेक्स आणला होता. तो त्यांनी दोन आंब्यांच्या मधे दोरीवर टाकला, चारी कोपरे दगडांनी दाबले, आणि आमचा तंबू तयार झाला. त्यावर लिहिलं होतं, 'उदयसिंहदादांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा'. मधोमध काळा चष्मा लावलेले उदयसिंहदादा, आणि खाली शुभेच्छुकांचे छत्तीस फोटो. तिसऱ्या ओळीत सातवे बाबा. फ्लेक्स आतून बघितला की बाबा उलटे दिसत. ऋताच्या तंबूत चांदण्या बघायला जाळीची खिडकी होती. आम्हाला वर छत्तीस शुभेच्छुक.

"लई भारी झालाय," बाबा म्हणाले. "आन् ह्यात सगळी ओळखीची माणसं हायत."

दुपारी सगळे टेकडी चढायला गेलो. आदर्श माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालतो आणि मग दोन्ही हात वर करतो, "आक्का, उचल." त्या दिवशी तो ऋताच्या मागं सगळी टेकडी चढला. तिनं त्याला एक काठी दिली होती आणि 'टीम लीडर' म्हटलं होतं. मी मागून धैर्यशीलची सॅक, पाण्याच्या बाटल्या आणि आदर्शचं स्वेटर घेऊन चढत होते. वर पोचल्यावर आदर्श ओरडला, "आक्का, दमलीस व्हय? बस जरा!" मी बसले. दमून नाही, रागानं. (थोडी दमूनही.)

खाली आल्यावर मामांनी पाकिटातलं सूप केलं आणि बाबांनी रस्सा. सूप चार मिनिटांत झालं. रस्सा अडीच तासांनी झाला, पण मामा सुपाचा कप हातात घेऊन ते सगळे अडीच तास बाबांच्या पातेल्यापाशीच उभे होते. धैर्यशीलनं पहिला घास खाल्ला, लाल झाला, रडला आणि म्हणाला, "आणखी." बाबांचा चेहरा फ्लेक्सवरच्यापेक्षा मोठा झाला.

जेवणं होत आली, सूर्य टेकडीमागं गेला, तसा माझा जीव घाबरा व्हायला लागला. आता थोड्या वेळात त्या केशरी तंबूची चेन लागणार आणि आदर्श आत जाणार. काहीतरी करायला हवं होतं. मी त्याला हात धुवायच्या निमित्तानं बाजूला घेतलं.

"आदर्श," मी हळूच म्हणाले, "एक सांगू? इथल्या जंगलात गवे असतात. आणि गव्याला केशरी रंग अजिबात चालत नाही. दिसला की धावून येतो. आपल्या फ्लेक्सकडं मात्र येत नाही. उदयसिंहदादांना घाबरतो."

त्याचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, जमलं. मी वेणी पुढं घेतली, म्हणजे धरायला सोपी पडावी.

पण आदर्शला कधी कशाची भीती वाटलेली मी बघितली आहे का? नाही. हे मला आधी आठवायला हवं होतं. तो सरळ चुलीकडं पळाला.

"ऋताताई! मामा! रातीला गवा येणार हाय! आपल्या तंबूकडंच येणार हाय! केशरी हाय म्हणून! मी चेनीच्या कडंला झोपणार, मला बघायचाय!"

आणि धैर्यशीलनं भोकाड पसरलं. शिट्टी तोंडात होती, त्यामुळं भोकाड शिट्टीतून आलं.

"कुणी सांगितलं हे?" मामांनी विचारलं.

"आक्कानं!"

सगळे माझ्याकडं वळले. 'मी खोटं बोलले' एवढं म्हणायचं होतं. चार माणसांपुढं तीन शब्द. मला नाही जमलं. मी म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं."

"वर्षाराणी वाचते ना खूप," मामा गंभीर होत म्हणाले. "रंगाचं माहीत नाही, पण गवे या भागात आहेत हे खरं."

दूध घेऊन आलेले आकारामतात्या हसले. "पावणं, ह्या अंगाला गवा येत न्हाय हो. माझी साठ वर्सं गेली हितं."

"तरी सावध असलेलं बरं," मामा म्हणाले. "मी रात्री मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला लावून ठेवतो. आला तर पुरावा राहील."

धैर्यशील तंबूत जायलाच तयार होईना. त्यानं येऊन माझा हात धरला, दोन्ही हातांनी. "मी हिच्याजवळ झोपणार. हिला गव्यांचं सगळं माहितीये."

"मग आमच्याकडं एक जागा रिकामी झाली," ऋता मला म्हणाली. "तू ये ना, वर्षाराणी! आदर्श मधे, आपण दोघी दोन बाजूंना."

हे ऐकून मला रडूच आलं. जागा होती, आदर्शच्या शेजारची होती, स्वतः ऋता बोलावत होती. मी एक पाऊल पुढं टाकलं, तर धैर्यशील माझ्या हाताला लोंबकळत मागं ओढायला लागला. "नको ना! तू गेलीस तर गवा येईल!"

"अगं, ऱ्हा त्याच्याजवळ," आई म्हणाली. "पोर भ्यालंय बघ किती."

अशी मी छत्तीस शुभेच्छुकांच्या खाली, धैर्यशीलच्या विळख्यात झोपले. समोर केशरी तंबूत दिवा लागला होता. आत दोन सावल्या गप्पा मारत होत्या, एक मोठी, एक छोटी. मग दिवा विझला. मला वाटलं, आता काही मला झोप येत नाही. पुढचं काही आठवत नाही, म्हणजे आली असणार.

सकाळी जाग आली ती मामांच्या आवाजानं. ते मोबाईल उंच धरून उभे होते.

"आला होता!" ते म्हणाले. "अमरसिंह, रात्री गवा आला होता! तुमच्या फ्लेक्सच्या अगदी जवळ! अडीच तास होता. ऐका."

सगळे चहाचे कप घेऊन गोळा झाले. मामांनी आवाज मोठा केला. आधी रातकिडे. मग एक लांब, जड, खालून वर चढत जाणारा घरघराट. मग फुस्स. मग पुन्हा घरघराट, आणि मधेच कुणीतरी दगडावर दगड घासावा तसा आवाज.

"बाप रे," ऋता म्हणाली.

आकारामतात्यांनी कान जवळ नेला. "ह्यो गवा न्हवं. आन् असलाच तर आजारी हाय बिचारा."

आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाबांना एकदम चुलीत बघावंसं वाटलं. मला काही कळेना. मी मनापासून घाबरून ऐकत होते.

तेवढ्यात तंबूची चेन उघडली आणि आदर्श डोळे चोळत बाहेर आला. आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा उजळला.

"ही तर आमची आक्का!"

रेकॉर्डिंग चालूच होतं. फुस्स, झालं.

"मला झोपच येईना झालती," आदर्श सगळ्यांना सांगायला लागला. "ऋताताई घोरतच न्हाय. गप पडून ऱ्हाती नुसती. मला रडू यायलं. मग तिकडनं आक्का सुरू झाली, आन् मला गप्पकन झोप लागली."

तो पळत येऊन माझ्या मांडीवर बसला आणि वेणीचं टोक मुठीत धरलं. ऋता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला धरणाच्या पाण्यात उडी टाकावीशी वाटत होती. पण मांडीवर आदर्श होता, आणि ऋताकडं नव्हता, म्हणून टाकली नाही. खरं सांगायचं तर आयुष्यात मी कधी इतकी लाजले नाही आणि कधी इतकी जिंकलेही नाही. येताना तो व्हॅनमधून आला.

ही गोष्ट मी इथंच संपवणार होते. पण मामांनी ते रेकॉर्डिंग फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'राधानगरीचा गवा' असं नाव देऊन. आणि मे महिन्यात ऋतानं आदर्शला आठ दिवस पुण्याला बोलावलं. मी निश्चिंत होते. जाऊ दे की, म्हटलं. दुसऱ्या रात्रीच रडत फोन करील.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला.

"आदर्श," मी म्हणाले, "झोप लागते का रे तिथं? आठवण येत नाही माझी?"

"येती की," तो खुशीत म्हणाला. "मग ऋताताई मोबाईलवर तुला लावती."